आईंना घेऊन नदीकाठचा गोल वॉक: आधी शेतं, मग नदी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नेरुळला राहता, आई 67 वर्षांच्या, त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, मुलगी 6 वर्षांची, मुलगा 9 चा. जानेवारीत एक रात्र झाडीत नदीकाठी टेंटमध्ये काढायची आणि सकाळी तिथूनच निघून गोल फिरून तिथेच परत यायचं असा सोपा वॉक हवाय. वांगणी-शेलूच्या पट्ट्यात उल्हास नदीकाठची एक जागा कोणीतरी सुचवलीय आणि तिथला माणूस फोनवर म्हणाला की "एकदम इझी आहे मॅडम, साडेचार किलोमीटर, कोणीही करतं". हे कितपत खरं धरायचं?

किलोमीटर खरे धरा, "कोणीही" धरू नका. मी ठाण्यात राहतो, गेली अठरा वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन असे वॉक करतो, आणि बदलापूरपासून कर्जतपर्यंतच्या काठाने किती वेळा फिरलोय ते आता मोजणं सोडलंय. सपाट वाटेवर 67 वर्षांच्या बाईंना साडेचार किलोमीटर जड नाहीत. तुमच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती त्या रोज राऊंड मारत असतील तर अंतराचा प्रश्नच संपला. पण तिथे पायाखाली पेव्हर ब्लॉक असतात आणि कंटाळा आला की बाकावर बसता येतं. नदीकाठी पायाखाली काय आहे आणि मधूनच सुटायचं झालं तर कुठून सुटायचं, हे दोन प्रश्न त्या माणसाला विचारा. अंतर सगळेच विचारतात, हे कोणी विचारत नाही.

गोल वाटेची एक गंमत आहे. जाऊन-येऊन वाटेवर वाटेल तेव्हा यू-टर्न मारता येतो, आणि परतीची वाट ओळखीची असते. गोल वाटेवर निम्म्यात पोचलात की मागे जा नाहीतर पुढे जा, तेवढंच चालायचंय. म्हणजे आई जर बरोब्बर मध्यावर "आता नाही होत गं" म्हणाल्या तर अजून सव्वादोन किलोमीटर उरलेलेच असतात. म्हणून मी कुठल्याही गोल वाटेवर आधी सुटायच्या जागा शोधतो, म्हणजे जिथपर्यंत रिक्षा, ईको किंवा निदान कोणाची तरी बाईक येऊ शकते अशा जागा. या पट्ट्यातल्या बहुतेक वाटांचा नकाशा साधारण सारखाच असतो: कॅम्पवरून निघालं की एका बाजूला नदीकाठ आणि झाडी, दुसऱ्या बाजूला भातशेतीचे बांध, लांबच्या टोकाला एखादं गाव नाहीतर पाडा, आणि मध्ये कुठेतरी नदीला मिळणारा ओढा, त्यावर साकव (छोटा पायी जायचा पूल) असतो किंवा नुसते दगड टाकलेले असतात.

आता माझा मुख्य सल्ला. कॅम्पवाले सगळ्यांना आधी नदीकाठाने नेतात, कारण फोटो तिथे चांगले येतात आणि पब्लिक खूश होतं. तुम्ही उलटं करा. सकाळी सातला निघा, आधी शेताचे बांध घ्या, गावात पोचा, चहा घ्या आणि मग नदीकाठाने झाडीतून परत या. कारण साधं आहे, बांधावर सावली नसते. जानेवारीतसुद्धा साडेनऊ-दहानंतर कोकणातलं ऊन डोक्यात जातं, आणि नदी आधी उरकून आलात तर शेवटचे दोन किलोमीटर उघड्यावर, पोरांची पिरपिर चालू, पाणी संपलेलं, नवरा-बायकोचं "कोणी सांगितलं होतं इथे यायला" सुरू. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणी विचारलं तरी मी नदी आधी घेत नाही. दुसरं कारण तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं: दगड, उतार, ओल हे सगळं काठावर असतं. शेतं आधी घेतली की अवघड भाग सुरू व्हायच्या आधी गाव लागतं, तिथे बसून गुडघा काय म्हणतोय ते शांतपणे विचारता येतं, आणि नको असेल तर त्या तिथूनच रिक्षाने कॅम्पवर परत, तुम्ही बाकीचे नदीने या. कोणाची ट्रिप वाया जात नाही.

याचा तोटा पण सांगतो. सकाळी बांधावर दव असतं, गवत ओलं असतं, कॅनव्हासचे बूट दहा मिनिटात चिंब होतात आणि ओल्या मोज्यात मुलांच्या टाचा सोलवटतात. सगळ्यांचे एक्स्ट्रा मोजे पिशवीत ठेवा आणि गावात चहाच्या वेळी बदला. बांध अरुंद असतो, आईंना मध्ये ठेवा आणि हात धरून चालवू नका. दोघांना शेजारी चालायला जागा नसते आणि एक घसरला की दुसरा पण जातो. काठी द्या. कोपर काटकोनात राहील एवढ्या उंचीची, घरच्या मॉपचा दांडा पण चालतो, लाजायचं कारण नाही. आणि गुडघ्यासाठी एक नियम पाठ करून ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठावरून नदीत उतरायच्या दोन-तीन जागा असतात तिथे हे फार कामाला येतं, चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोलतो.

जानेवारी निवडलात ते बरं केलंत. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून होतं, त्याच्या आधी बांधावरून जायला गेलात तर दोन्ही बाजूंनी पीक अंगावर येतं आणि शेतकरी ओरडतो, बरोबरच ओरडतो. कापणीनंतर शेतात नुसती धसकटं उरतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याच ओलीवर वाल टाकलेला असतो. वालाच्या शेंगा दिसल्या की शहरातल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो, मुलांना आधीच सांगून ठेवा. विचारलंत तर ओंजळभर कोणी पण देतं.

नदीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण इथे लोक फसतात. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, वांगणी, बदलापूर, कल्याण करत येते आणि घोडबंदर रोडवरून आपल्याला जी खाडी दिसते तिथून वसईच्या समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या दाराशी येणारी हीच नदी. कोकणातल्या नद्या जानेवारी-फेब्रुवारीत आटायला लागतात, एप्रिलमध्ये नुसती डबकी राहतात, पण ही भर मे महिन्यात वाहत असते. का? घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी पाइपातून खाली आणून टाटांचं भिवपुरीचं वीज केंद्र 1922 पासून चालतंय, आणि टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी पेज नदीत सोडतात, पेज पुढे उल्हासला मिळते. उन्हाळ्यात तुम्ही ज्या पाण्यात पाय बुडवून बसता ते बरंचसं विजेसाठी वापरून झालेलं पाणी असतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते पण असंच, भिरा वीज केंद्राचं पाणी सोडलं की राफ्ट निघतात.

याचा अर्थ असा की आभाळात एक ढग नसताना, पाऊस पाच महिने लांब असताना, पाणी चढू शकतं. वीज किती लागते त्यावर सोडणं कमी-जास्त होतं आणि खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे काठावर बसलेल्या माणसाला त्याचं काही वेळापत्रक लागत नाही. एकदा मे महिन्यात आम्ही अकरा जण नदीच्या मधल्या एका चपट्या खडकावर चपला आणि दोन बाटल्या ठेवून काठाला जांभळाखाली बसलो होतो. गप्पा, भडंग, थर्मासमधला चहा. अर्ध्या-पाऊण तासाने एकाने विचारलं की खडक कुठे गेला? खडक तिथेच होता, वर वीतभर पाणी होतं, आणि एक निळी स्लिपर शांतपणे बदलापूरच्या दिशेने चालली होती. आवाज नाही, लाट नाही, काही नाही. तेव्हापासून मी काठावर बसलो की पहिलं काम म्हणजे पाण्याच्या रेषेवर एक काटकी रोवतो आणि पोरांना तिची राखण देतो. काटकीच्या पलीकडे पाणी गेलं की सगळे वर. मुलांना हा खेळ फार आवडतो, तुमच्या दोघांना द्या.

आणि पोहायचं नाही. पाय बुडवा, बसा, पण कमरेएवढ्या पाण्यात पण नाही. नदीचं पात्र काळ्या खडकाचं आहे, त्यात रांजणखळगे म्हणजे पाण्याने कोरलेले खोल गोल खड्डे आहेत, घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात. मुंबई-ठाण्याकडची पोरं बुडाल्याच्या बातम्या या पट्ट्यातून दर वर्षी येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत असतं.

टेंट कुठे लावलाय ते पोचल्या पोचल्या बघा. यासाठी एक खूण सांगतो जी कुठल्याही बोर्डावर लिहिलेली नसते. काठावरच्या करंजाच्या, उंबराच्या, वाळुंजाच्या फांद्यांकडे नीट बघा. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, कधी त्याच्याही वर, फाटक्या प्लास्टिकच्या पिशव्या, पेंढा, चिंध्या अडकून वाळलेल्या दिसतील आणि सगळ्या साधारण एकाच रेषेत. ती पावसाळ्यातल्या पुराची रेघ. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आठवतंय? हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढले होते, ते याच उल्हासचं पाणी. 26 जुलै 2005 तर बोलायलाच नको. जानेवारीत पूर येणार नाही, पण टेंट त्या रेषेच्या वर असेल तर समजायचं की जागा चालवणाऱ्याला नदी कळते. रेषेच्या खाली, अगदी पाण्याला टेकून, "रिव्हर टच" म्हणून लावला असेल तर गोड बोलून वरचा मागा. तिथे थंडी पण कमी लागते, पाण्याजवळ पहाटे दव इतकं पडतं की टेंटच्या आतून थेंब गळतात. आणि जून ते सप्टेंबर या काठावर मुक्कामाचा विचारच करू नका, कोणी कितीही डिस्काऊंट देवो.

फोनवर विचारायची अजून एक गोष्ट म्हणजे टॉयलेट. हसू नका, आईंसाठी ट्रिप इथेच ठरते. कमोड आहे का, टेंटपासून किती पावलं, रात्री वाटेत लाईट आहे का. तीस पावलांच्या वर असेल आणि लाईट नसेल तर आई संध्याकाळी पाचपासून पाणी प्यायचं बंद करतात आणि सकाळी वॉकला निघताना डोकं धरतं. माझ्या आईने हेच केलं होतं आणि तीन दिवसांनी सांगितलं.

रात्री पोपटी करतो म्हणाले असतील तर नक्की हो म्हणा, जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचा सीझन. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेलं चिकन, परत पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. झालं का हे बघायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात, चर्र करून लगेच उडाला की उघडायचं. तो भांबुर्डीचा वास दुसऱ्या दिवशी पण कपड्यांना येतो. फक्त शेकोटी पेटवायच्या आधी वर बघा. उंच झाडावर, मोठ्या फांदीखाली काळं पोतं लटकल्यासारखं दिसलं तर ते आग्या मोहोळ, आणि त्याच्याखाली धूर करणं म्हणजे आ बैल मुझे मार. चालताना पण असं मोहोळ दिसलं तर परफ्यूम, आरडाओरडा, दगड काही नाही, खालून गप निघून जायचं.

वाटेवरची दुसरी त्रासदायक गोष्ट खाजकुइली. वेल असते, झुडपांवर चढलेली, शेंगा वाकड्या आणि वर तपकिरी मखमल. मुलांना ती मखमल हात लावावीशी वाटतेच. लागलीच तर चोळायचं नाही, चोळलं की कुसळं अजून आत जातात, सेलोटेप चिकटवून ओढून काढायची आणि मग धुवायचं. पिशवीत टेपचं एक छोटं रीळ ठेवा.

सापांना लोक फार घाबरतात. दिवसा, फुल पॅन्ट-बूट घालून, पायाखाली बघत चाललात तर बहुतेक वेळा दिसत पण नाही. धसकटात आणि पेंढ्याच्या ढिगाजवळ घोणस असू शकते, म्हणून पेंढ्यावर उड्या मारायच्या नाहीत आणि अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नाही, सकाळी बूट झटकून घालायचे. काही झालंच तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता, अंगठ्या-बांगड्या काढून, हात किंवा पाय न हलवता ठेवून 108 ला फोन आणि सरळ मोठं सरकारी हॉस्पिटल. कॅम्पवाल्याला विचारून ठेवा की त्याची गाडी रात्री जागेवर असते का.

आता चांगलं पण लिहू दे, नाहीतर तुम्ही प्लॅन रद्द कराल. नदीकाठचा तो दीड-दोन किलोमीटरचा झाडीतला पट्टा जानेवारीत सुंदर असतो. जांभूळ, करंज, उंबर यांची गच्च सावली, खाली पानांचा थर, मध्येच एखादी सावर असते, पानं गळलेली, लाल फुलं यायला लागलेली, आणि तिच्यावर मैना, बुलबुल, कोतवाल असा बाजार भरलेला. मुलांना पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका, एकच खेळ द्या: किती प्रकारचे खंड्या दिसतात. नेहमीचा खंड्या, म्हणजे चॉकलेटी डोकं, निळी पाठ, पांढरा शर्टफ्रंट, तो शेतातल्या तारेवर पण दिसेल. छोटा धीवर पाण्याला लागून बाणासारखा जातो, आधी शीळ ऐकू येते आणि मग निळी रेघ. आणि काळा-पांढरा कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत उभा राहतो हेलिकॉप्टरसारखा, आणि एकदम डोकं खाली घालून पडतो. हा तिसरा दिसला की पोरं किंचाळतात. यासाठी काठावर वीस मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि आईंना बसायला हेच निमित्त पुरतं, "मी दमले" असं म्हणावं लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या ग्रुपला या साडेचार किलोमीटरला तीन तास धरा, चहा आणि खंड्या धरून. सातला निघालात तर दहाला कॅम्पवर पोहे. माणशी एक लिटर पाणी, नदीचं पाणी प्यायचं नाही, वरच्या अंगाला गावं आहेत. वॉक सुरू करताना फोनवर ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा आणि ओढ्यापाशी आदल्या संध्याकाळी एकदा जाऊन बघून या. साकव असेल तर उत्तम, नुसते दगड असतील आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ असेल तर आईंनी बूट काढून दगडांच्या बाजूने पाण्यातून जावं, घोटाभर असतं. दगडावरून दगडावर उडी मारताना लोक मनगट मोडतात.

येऊरला टेंट लावू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय, तर ते विसरा, तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे, सकाळचं फिरणं ठीक पण मुक्काम नाही. आणि मुक्काम नकोच असं ठरलं तर तुमच्या जवळ कर्नाळा अभयारण्य आहे, तिथली हरियाल नावाची निसर्गवाट छोटी आहे, फक्त नदी नाही.

बूट. हे राहिलं होतं. एकदा आमच्यासोबत एक काकू होत्या, त्यांनी सात-आठ वर्षं माळ्यावर डब्यात जपून ठेवलेले, जवळजवळ नवे ट्रेकिंग शूज घालून आल्या. आपल्याकडच्या दमट हवेत न वापरलेल्या बुटाचा सोल आतून कुजतो, बाहेरून काही कळत नाही. बरोब्बर वाटेच्या लांबच्या टोकाला उजवा सोल पाव सुटावा तसा सुटला, दहा मिनिटांनी डावा. वालाच्या मांडवावरची सुतळी एका आजोबांनी सोडून दिली, ती बांधून काकू फटक-फटक करत दोन किलोमीटर आल्या, वर मलाच धीर देत होत्या. तर आईंचे बूट आजच काढा, हातात धरून पुढचा भाग जोरात वाकवा, कड उकलतेय का बघा, आणि मग जायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी तेच घालून राऊंड मारायला सांगा.

जाताना नेरुळहून ठाण्याला या आणि तिथून कर्जत लोकल पकडा, सकाळी उलट्या दिशेला असल्याने जागा मिळते. येताना मात्र रविवारी चारच्या आत वांगणी सोडा, त्यानंतर कर्जतहून येणाऱ्या गाड्या माथेरान आणि सगळी फार्महाऊसं घेऊन भरूनच येतात, आणि आईंना ठाण्यापर्यंत उभं राहावं लागलं तर गुडघ्याचं बिल वॉकच्या नावावर फाटेल.